पाठीवरचा दीड इंच

माणसाचा हात स्वतःच्या पाठीच्या मधोमध पोचत नाही, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर गरजच पडली नव्हती. बायको होती तोवर पाठ हे तिचं खातं होतं. रविवारी मी आंघोळीला बसलो की ती न्हाणीत डोकावून "वाका जरा" म्हणायची आणि खरखरीत दगडाने अशी घासायची की मी ओरडायचो. ती जाऊन आता तीन वर्षं झाली. मुलगी पुण्यात नोकरी करते, तिचं तिचं घर आहे. मी सेनगावात दोन खोल्यांत एकटा राहतो, दोन्ही वेळचं स्वतः रांधून खातो, आणि पाठ सोडली तर सगळीकडे माझा हात पोचतो.

मागच्या पावसाळ्यात या पाठीला खाज सुटली. आधी वाटलं, ओलं बनियन घातलं म्हणून असेल. मग खाज कमरेपर्यंत उतरली, आणि कडेला बोट लावलं तर गोल उंचवटा लागायला लागला. गजकर्ण. आमच्याकडे हल्ली घरटी एकाला तरी आहेच. मेडिकलवाल्याने पाठ न बघता, वर मान न करता एक ट्यूब काढून दिली. ही ट्यूब सगळ्या तालुक्याला पाठ आहे. लावली की चार दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि महिन्याभरात तेच दुणावून परत येतं. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब मागतो. मीही मागितली. शहाणपण दुसऱ्याला शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे स्वतःसाठी फारसं शिल्लक राहिलं नसावं.

पण खरी पंचाईत ट्यूब लावण्याची होती. डावा हात खालून, उजवा खांद्यावरून, दोन्हींच्या मध्ये वीतभर मुलूख असा की तिथे कोणीच पोचेना. उलथन्याला कापसाचा बोळा बांधून पाहिला. चादरीवर पावडर पसरून तिच्यावर लोळून पाहिलं. शेवटी तर मलम दाराच्या चौकटीला फासलं आणि म्हैस खांबाला अंग घासते तसं उभं राहून घासलं. पाठीला किती लागलं देव जाणे, चौकट मात्र मी आठ दिवस पुसत होतो. त्या पुसण्यातच एका दुपारी मला एकदम रडू आलं. पाठीच्या खाजेने नाही. घरात एवढी भांडी, एवढ्या खुर्च्या, दोन पलंग, आणि एक बोट मलम लावायला कुणी नाही, याचं रडू आलं. मग मी तोंड धुतलं आणि भाजी निवडायला बसलो.

मुलीचा फोन रविवारी यायचा. तिला बोलता बोलता सांगितलं तर म्हणाली, "बाबा, पाठीचा फोटो पाठवा ना, मी इथल्या डॉक्टरांना दाखवते." पाठीचा फोटो काढायलाही दुसरा माणूस लागतो, हे तिच्या लक्षात आलं नाही आणि मी आणून दिलं नाही. म्हटलं, "बघतो." पुढच्या रविवारी ती म्हणाली, "माझ्या ऑफिसात एक जणी कॅप्सूल घेते. खोबरेल तेलातून काढलेलं कसलंसं आम्ल असतं. कॅप्रिलिक ॲसिड. बुरशीवर चालतं म्हणे. पोटातून घ्यायचं."

पोटातून! मला तर देवच भेटल्यासारखं झालं. गिळायला दुसरा माणूस लागत नाही. तोंडापर्यंत माझा हात बरोबर पोचतो.

आता इथे माझा धंदा सांगायला हवा. मी कृषी सहायक होतो. डोंगरकडा, जवळा बाजार, शेवटी सेनगाव, अशी गावं करत निवृत्त झालो. बुरशी हा माझा जुना शत्रू. हळदीची कंदकुज, तुरीची मर, सोयाबीनची मूळकुज, सगळ्या बुरशीच. बुरशीनाशकाची बाटली हातात कशी धरायची आणि कुठून वाचायला सुरुवात करायची हे मी हजारो माणसांना शिकवलं असेल. बाटलीच्या पुढच्या बाजूला काय मोठ्या अक्षरांत लिहिलंय ते वाचायचंच नाही. ते विकणाऱ्याचं बोलणं असतं. बाटली फिरवायची. मागे बारीक अक्षरांत सक्रिय घटक किती टक्के ते बघायचं, बॅच नंबर, मुदत, बनवणाऱ्याचा पुरता पत्ता, परवाना. आणि जी बाटली अळीही मारते, बुरशीही घालवते आणि वर फुलंही वाढवते म्हणते, ती तिथेच ठेवून उठायचं. जवळा बाजारला आठवडी बाजाराच्या दिवशी मी असल्या बाटल्यांवरून दुकानदारांशी इतके तंटे केले होते की मी लांबून दिसलो तरी काही जण माल फडताळात सरकवायचे.

तर अशा माणसाने स्वतःसाठी बाटली निवडायला घेतली. हिंगोलीला गेलो. तिथे व्यायामशाळेतल्या पोरांसाठी पावडरचे डबे विकणारं एक दुकान आहे. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, या वयात बॉडी बनवायची का?" म्हटलं, "बॉडी आहे ती वाचवायचीय." त्याने एक बाटली पुढे केली. तिच्यावर मधुमेह, सांधेदुखी, केस गळणं, बुरशी आणि मनाचा थकवा एवढ्यांची नावं होती. फिरवून पाहिलं तर आत काय आहे ते "खास मिश्रण" एवढंच लिहिलेलं. कशाचं किती, काही नाही. मी ती ठेवली. दुसरीवर पुढे हजाराचा आकडा होता. मागे वाचलं तर हजार मिलिग्रॅम हे सगळ्या तेलाचं वजन, त्यात हवं ते आम्ल किती याचा पत्ता नाही, आणि तोही आकडा दोन कॅप्सूलचा मिळून. मी दुकानदाराला हे समजावून सांगायला लागलो तर तो म्हणाला, "काका, पोरं एवढं वाचत न्हाईत." मी म्हणालो, "म्हणून तर तू विकून राहिला." त्यावर तो हसला, पण मला तिसरी बाटली काही दाखवली नाही.

मग मुलीने फोनवर बाटल्यांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. मी चष्मा लावून बोटांनी फोटो मोठे करायचो आणि तिला परत फोन लावायचो. हिच्यावर मुदत दिसत नाही, मागची बाजू पाठव. हिचा पत्ता अर्धाच आहे. ही नको, हिच्यावर खात्रीशीर इलाज लिहिलंय, खात्री देणारा कधीच बरा नसतो. रविवारचा फोन आता रोज यायला लागला. ती ऑफिसातून घरी जाताना बोलायची, मागे रिक्षांचे आवाज यायचे. "बाबा, तुम्ही लग्नाला मुलगा बघताना एवढी चौकशी केली नव्हती," असं एकदा म्हणाली आणि आम्ही दोघंही पुष्कळ हसलो. आई गेल्यापासून आम्ही एवढं हसलो नव्हतो. बाटली ठरायला तीन आठवडे लागले, त्यातला निम्मा वेळ मी मुद्दाम लावला.

शेवटी जी ठरली तिच्यात आम्लाचा आकडा स्वच्छ लिहिलेला होता, एका कॅप्सूलचा वेगळा. बॅच होती, मुदत होती, परवाना होता, पत्ता होता. औषधाच्या जागी हे घेऊ नका, डॉक्टरांना विचारा, असंही खाली लिहिलेलं. जो स्वतःची मर्यादा सांगतो तो माल बरा, हा माझा जुना ठोकताळा. बाटली घरी आली. खोकं उघडून फिरवून पाहतो तर फोटोत न आलेल्या कोपऱ्यात तपकिरी ठिपका. म्हणजे मांसाहारी. कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडाकातड्यापासून केलेलं.

बायकोच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. मी स्वतः काही फार सोवळा नाही, नोकरीत बाहेर काय काय खाल्लंय. पण घर तिचं. ती गेल्यावर तिच्या ओट्यावर तिचे नियम पाळणारा मी एकटाच उरलोय, मीच मोडले तर मग तिथे तिचं काय राहिलं? बाटली परत करावी तर आणखी आठ दिवस. म्हणून मी तोडगा काढला. सुई घेतली, कॅप्सूलला भोक पाडलं, आतलं तेल चमच्यात पिळलं आणि कवच अंगणात फेकलं. तेलात काही जनावर नव्हतं.

चमचा तोंडाजवळ नेला तर बोकडाचा वास. अगदी शेळ्यांच्या गोठ्यात पहाटे शिरावं तसा. नाक दाबून गिळलं. दहा मिनिटांत छातीत जाळ, मग उचकी, मग मळमळ. मी हट्टी माणूस, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बाटलीवरचा घेण्याच्या पद्धतीचा मजकूर वाचला. कवच आतड्यात गेल्यावर सुटावं म्हणून मुद्दाम तसं केलेलं आहे, फोडू नये, चावू नये. जवळा बाजारला असताना एका शेतकऱ्याने बीजप्रक्रिया केलेलं, म्हणजे बुरशीनाशक चोळलेलं सोयाबीन पेरण्याआधी दोन पाण्यांनी धुऊन काढलं होतं. गुलाबी रंग म्हणजे भेसळ असं त्याला वाटलं होतं. मी त्याला चारचौघांत झापलं होतं. त्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मग दुसरी आणली. हिरवा ठिपका, झाडापासून केलेलं कवच, आम्लाचा आकडा तसाच स्वच्छ, बाकी सगळं तपासून. ती मी दोन महिने घेतली, जेवणाबरोबर, न फोडता. मुलगी रोज विचारायची, "घेतली का? फरक आहे का?" मी म्हणायचो, "आहे की." फरक असल्यासारखं वाटायचंही. जी पाठ दिसतच नाही तिच्यावर काय वाटून घ्यायचं ते आपल्या हातात असतं. आणि खरं सांगायचं तर नाही म्हणालो असतो तर कॅप्सूल संपली असती, कॅप्सूलबरोबर रोजचा फोन संपला असता. तो तसाही हळूहळू एक दिवसाआड झाला, मग आठवड्याला आला. तिला कामं असतात. मी बाटलीवरचा मजकूर एवढा वाचला होता की न बघता म्हणून दाखवला असता, पण ऐकायला कोणी नव्हतं.

सेनगावात बसस्टँडच्या मागे एका शिंप्याचं दुकान आहे. आम्ही सगळे त्यांना मास्टर म्हणतो. ते माझ्याच वयाचे, मुसलमान, तीन पिढ्यांपासून इथे कपडे शिवणारे. माझे नोकरीतले सगळे शर्ट-पँट त्यांच्याच हातचे. आता तयार कपड्यांमुळे त्यांच्याकडे पँटी आखूड करणं आणि फॉल-पिको एवढंच येतं. त्यांची घरवाली नांदेडला मुलाकडे नातवंडं सांभाळायला गेली ती तिकडचीच झाली, आणि मास्टर मशीन सोडून जात नाहीत. तयार शर्ट मला पाठीवर टोचायला लागले म्हणून मी त्यांच्याकडे सुती कापड घेऊन गेलो, दोन ढगळ शर्ट शिवायला.

त्यांनी टेप पाठीवर धरला आणि मी अंग आखडलं.

"साहेब, काहून अंग चोरून राहिले तुमी?" म्हणाले, आणि माझी कॉलर बोटाने मागे ओढून आत डोकावले. मग म्हणाले, "हे काय व्हय? पाठीवर तर पुरा नकाशा उमटला की. कवापासून हाय?"

"बरं होऊन राहिलंय," मी म्हणालो. "गोळ्या चालू आहेत."

"बरं होऊन न्हाई राहिलं साहेब. मी बघून राहिलो ना. तुमाला दिसत न्हाई, मला दिसतंय." त्यांनी टेप गळ्यात टाकला. "दुसऱ्यानं काय सांगितलं तर बाटलीचा नंबर इचारता. सोताच्या पाठीचं एवढी तकलीफ होईस्तोवर कुणाला इचारलं न्हाई व्हय?"

राग आला, कारण बरोबर बोलले. दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीला कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई होत्या. त्यांनी पाठीवरचा कोंडा खरवडून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मेडिकलच्या ट्यूबचं नाव मी सांगायच्या आधीच सांगितलं. त्या ट्यूबने खाज दबते आणि बुरशी पोसते, म्हणाल्या. मी पिशवीतून कॅप्सूलची बाटली काढली आणि मोठ्या अभिमानाने मागची बाजू त्यांच्यापुढे केली. त्यांनी वाचली. "निवड चांगली केलीत काका," म्हणाल्या, "पण एवढ्या पसरलेल्या गजकर्णाला हे पुरणार नाही. असल्या आम्लांनी कातडीचं गजकर्ण जातं असं खात्रीने मला सांगता येणार नाही. सध्या बंद ठेवा." म्हणजे मी उत्तम माल निवडला होता, फक्त चुकीच्या रोगासाठी. असं केलेले शेतकरी मी पुष्कळ पाहिलेत.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मलम दिलं. मलम कड्याच्या बाहेर दोन बोटं जाईल असं लावायचं, रोज, आणि डाग गेला तरी दोन आठवडे पुढे. मग कागदावरून वर न बघता विचारलं, "घरी लावायला कोण आहे?"

"आहेत की," मी म्हणालो.

ते मलम मी तीन दिवस पिशवीत घालून मास्टरांच्या दुकानापर्यंत नेलं आणि तीन दिवस तसंच परत आणलं. एकदा दोऱ्याची रिळं विकत घेतली, जी मला कशालाच नको होती. एकदा नुसता उभा राहून हवापाण्याचं बोललो. उभ्या आयुष्यात मी लोकांना कामं सांगितली, अर्ज लिहून दिले, तंटे केले. पण "मला हात लावा" हे मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला कसं म्हणायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारची नमाज आटोपून ते मशीनवर येऊन बसले होते. मी म्हणालो, "मास्टर, एक काम होतं."

"बोला की. बटन तुटलं का?"

"न्हाई. पाठीला मलम लावायचंय. माझा हात पोचत न्हाई."

एका दमात म्हणून टाकलं आणि रस्त्याकडे बघत राहिलो. मशीनचं चाक थांबल्याचा आवाज आला. मास्टरांनी उठून शटर अर्धं ओढलं, स्टूल पुसलं आणि म्हणाले, "त्यात काय एवढं? बसा. शर्ट काढा."

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं म्हणून मी हातमोजे नेले होते. मास्टरांनी दोन दिवस घातले. तिसऱ्या दिवशी काढून ठेवले. "याच्यात बोटाला शिवण लागत न्हाई," म्हणाले. चाळीस वर्षं कापडावरून बोटं फिरवलेली, उंचवटा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते त्यांना डोळे मिटून कळायचं. नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. मी मोज्यांसाठी भांडलो, पण ते ऐकणाऱ्यातले नव्हते. वर त्यांनी स्वतःची पद्धत काढली. आधी कापड बेतायच्या खडूने कड्याच्या बाहेरून रेघ मारायची, मग मधल्या सगळ्यात मोठ्या कड्याला टेप लावून माप घ्यायचं, मग मलम. "रेघ मारल्याबिगर कात्री चालवत न्हाई मी," म्हणायचे.

"साडेचार इंच."

पुढच्या आठवड्यात, "चार. बराबर चार." मग साडेतीन. मग तीन. मी घरी जाऊन स्वयंपाक करताना ते आकडे मनाशी म्हणायचो. आम्ही फार बोलायचो असं नाही. ते मलम लावताना त्यांच्या नातवाच्या शाळेचं सांगायचे, मी मुलीचं सांगायचो. बाहेर जीपवाले हिंगोली, हिंगोली ओरडायचे आणि आत त्यांचं बोट माझ्या पाठीवर गोल फिरत असायचं. तीन वर्षांत माझ्या अंगाला माणसाचा हात लागला नव्हता. एस.टी.त धक्के लागतात ते वेगळे. पहिले काही दिवस मी दात आवळून बसायचो, नंतर कधीतरी खांदे आपोआप सैल पडले. घरी येताना चालण्यात फरक पडला होता, हे मला माझं जाणवायचं. दिवसाला एक वेळ ठरलेली होती आणि तिथे कोणीतरी माझी वाट बघत होतं.

माप दीड इंचावर आलं आणि तिथे अडकलं. "दीड," मास्टर म्हणायचे. दुसऱ्या दिवशी, "दीड. चिवट हाय." आठवडा गेला, दुसरा गेला. मलम संपलं, दुसरी ट्यूब आणली. डॉक्टरबाईंनी सहा आठवड्यांनी बोलावलं होतं, मी आज जाऊ उद्या जाऊ करत नवव्या आठवड्यात गेलो.

त्यांनी पाठ पाहिली, दिवा जवळ घेऊन पुन्हा पाहिली. "काका, पाठ स्वच्छ आहे. छान झालं."

"स्वच्छ कशी? दीड इंच शिल्लक आहे."

"कुठे?"

"मधोमध. रोज मोजतोय आम्ही."

त्या हसल्या आणि माझाच फोन घेऊन त्यांनी पाठीचा फोटो काढून मला दाखवला. माझी पाठ मी पहिल्यांदा पाहिली. म्हाताऱ्या माणसाची, थोडी वाकलेली, काही ठिकाणी फिकट तपकिरी खुणा, त्यावर खडूची एक पांढरी गोल रेघ. रेघेच्या आत काहीच नव्हतं. "हे जाऊन तीन आठवडे तरी झाले असतील," त्या म्हणाल्या. "मलम आता बंद. लावणाऱ्यांनी मेहनत घेतली हो."

परतीच्या जीपमध्ये मी संतापलो होतो. तीन आठवडे! खोटी मापं लावणाऱ्यांच्या मागे मी जन्मभर लागलो, आणि माझ्याच पाठीवर रोज खोटं माप लावून घेतलं. जाऊन काय काय बोलायचं ते मी जुळवायला लागलो. मास्टर, हा विश्वासघात आहे. मास्टर, मला काय खुळा समजलात? जीप वळणावर हलली, शेजारच्याचा खांदा माझ्या पाठीला लागला आणि मला एकदम आठवलं की खाज थांबूनही तीन आठवडे झालेत. चांगलं आठवत होतं. एका सोमवारी आंघोळ करताना लक्षात आलं होतं की आज खाजवलंच नाही. त्या दुपारी मी दुकानात जाऊन शर्ट काढून बसलो, ते म्हणाले दीड, आणि मी खाजेचं काहीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दवाखान्यात जायचं तीन आठवडे मी उगाच टाळत नव्हतो. बोलायचं जुळवलेलं सगळं गळून पडलं आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

दुकानाशी पोचलो तर शटर अर्धं ओढलेलं, स्टूल पुसून ठेवलेलं. मास्टर मशीनवर बसले होते, पण मशीनवर कापड नव्हतं.

"लई उशीर केला साहेब."

"हिंगोलीला गेलो होतो. डॉक्टरकडे."

त्यांचा हात गळ्यातल्या टेपवर गेला आणि तिथेच थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग? काय म्हनल्या बाई?"

मी शर्टाची बटनं काढली, शर्ट खुंटीला लावला आणि त्यांच्याकडे पाठ करून स्टुलावर बसलो.

"मलम बंद करा म्हणाल्या," मी म्हणालो. "माप मात्र रोज घेत जा म्हणाल्या. परत वाढायला नको."

मग ते उठल्याचा आवाज आला. टेपचं पत्र्याचं टोक पाठीच्या मधोमध गार लागलं, आणि त्याच्या शेजारी त्यांचं बोट टेकलं.

"किती?" मी विचारलं.

"सव्वा," मास्टर म्हणाले. "उतरून राहिलं, हळूहळू."

"उतरू द्या," मी म्हणालो. "आपल्याला काय घाई न्हाई."